पाखराचं कडवं

ही गोष्ट खरी आहे.

पटली नाही तर नाही. त्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात जी माणसं बसली होती, ती मी सोडून सगळी आता मातीत गेली. साक्षीला कुणी नाही. पण ह्या वयात खोटं बोलून मला कुठलं बक्षीस मिळणार आहे?

भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणतात. इथे रात्र नव्हती.

१९३८ सालचा जुलै. इंग्लंडच्या उत्तर टोकाला, स्कॉटलंडच्या हद्दीलगत, ब्लॅकशॉ नावाचं आमचं मेंढ्यांचं शेत. त्या दिवशी आमची लोकर-कातरणी संपली होती. जुलैत आमच्याकडे जेवणं उरकली तरी डोंगरावर ऊन असतं. सगळं लख्ख दिसत होतं.

म्हणूनच तर अजून विसरता येत नाही.

मी थॉमसिन हेडली. तेव्हा विशीत होते. घरात मी आणि आई. वडील आधीच वारलेले. मोठी बहीण डॉर्कस आदल्या ऑक्टोबरात घर सोडून गेलेली.

आणि पुढच्या शनिवारी माझं लग्न होतं.

नवरा मुलगा कथबर्ट. आमच्याकडे कथबर्टला लाडाने 'कड्डी' म्हणतात. गाढवालाही आमच्याकडे कड्डीच म्हणतात, त्यामुळे त्या नावाच्या माणसाची जन्मभर थट्टा होते. हा कड्डी आदल्या वसंतात आमच्याकडे कामाला आला. कष्टाळू, हसरा, दिसायलाही बरा. खरं सांगते, मला तो पहिल्या दिवसापासून आवडला होता. पण तो तेव्हा डॉर्कसच्या मागे होता.

डॉर्कसने त्याला सरळ नाही म्हणून सांगितलं.

आमचं शेत खंडाने घेतलेलं. वडील गेल्यावर मालकाच्या कारभाऱ्याने आईला बजावलं होतं, "घरात बाप्या माणूस हवा. नुसत्या बायकांच्या हाती एवढं शेत राहणार नाही." आईने त्याचा धसका घेतला. डॉर्कस मात्र हसायची. "बाप्या कशाला हवा? मी आहे ना!" म्हणायची. आणि ती होतीच. अख्ख्या डोंगरावरच्या मेंढ्या ती एका कुत्रीच्या जोरावर खाली आणायची. त्या कुत्रीचं नाव टिब.

आमच्याकडे प्रत्येक मेंढपाळाची शीळ वेगळी असते. कुत्रं आपल्या धन्याच्या शिळेवरच चालतं. डॉर्कसच्या पुढच्या दाताचा टवका उडालेला होता. त्यामुळे तिची शीळ शेवटी जरा फाटायची, उचकी लागल्यासारखी. ती शीळ दुसऱ्या कुणाला जमायची नाही. मला तर शीळच घालता येत नाही.

आईला ते आवडायचं नाही. "शीळ घालणारी बाई आणि आरवणारी कोंबडी, दोन्ही घराला नकोत," म्हणायची.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी मी उठले, तर शेजारी डॉर्कस नव्हती.

तिचा हिरवा कोट खुंटीवर नव्हता.

कड्डी खाली चहा पीत बसला होता. म्हणाला, "पहाटे मीच सोडून आलो तिला स्टेशनावर. न्यूकॅसलला कुणीतरी आहे तिचा. तुला सांगू नको म्हणाली."

तुला सांगू नको!

लहानपणापासून आम्ही एका पलंगावर निजायचो. हिवाळ्यात तिचे गार पाय माझ्या पोटऱ्यांवर असायचे. तिने मला सांगायचं नाही? मी त्या दिवशी खूप रडले आणि मग खूप चिडले. बहिणीने केसाने गळा कापला, असं मी येईल त्याला सांगत सुटले. कड्डी मला समजवायला यायचा. समजवता समजवता जे व्हायचं ते झालं, आणि लग्न ठरलं. आईने सुस्कारा सोडला. शेत वाचलं.

टिब तेवढी बदलली. कुणाचंच ऐकेना. दिवसभर टेबलाखाली पडून राहायची. कड्डीने शिळा घालून पाहिल्या, मारून पाहिलं. ती नुसती त्याच्याकडे बघायची.

तर त्या संध्याकाळी...

कातरणीला शेजारपाजारचे सगळे मदतीला येतात, आणि शेवटच्या दिवशी ज्याचं शेत त्याच्याकडे जेवण. गार मटण, बार्लीचा पाव, गूजबेरीची पाई, बिअरचं पिंप. सगळ्यांच्या हातांना लोकरीच्या तेलाचा वास. माणसं दमलेली आणि खूश.

"काय कड्डी, शनिवारी खोगीर चढतंय म्हणे!" म्हातारा राल्फ डॉड ओरडला. तो खोऱ्यातला आमचा जुना शेजारी आणि जुनी गाणी म्हणणारा.

"चढू दे की," कड्डी म्हणाला. "मी कुठे लाथा झाडतोय?"

"थॉमसिन, जप गं बाई," शेजारच्या टेटकाकू माझ्या कानाशी येऊन मोठ्याने म्हणाल्या, "गाढव कामाचं असतं, पण पाठीमागून जायचं नाही!"

सगळे खो खो हसले. मीही हसले. माझा हात टेबलाखाली कड्डीच्या हातात होता. मी सुखात होते, हे लपवून काय करू?

मग कुणीतरी म्हणालं, "राल्फ, होऊन जाऊ दे. ते पाखराचं गाणं."

आई पाव कापत होती. सुरी थांबली.

"आज ते नको, राल्फ," ती म्हणाली. "घरात लग्न आहे. काहीतरी हसरं म्हण."

"कातरणीला हेच म्हणतात, मिसेस हेडली. माझा बाप हेच म्हणायचा, त्याचा बाप हेच म्हणायचा. आता मी मध्येच नाचाचं गाणं म्हटलं तर दोघं उठून येतील."

पुन्हा हसू. आई हसली नाही.

हे गाणं आमच्या खोऱ्यातलं. कुणी रचलं, कुणाला ठाऊक नाही. दोन मित्र शिकारीला जातात आणि एकच परत येतो. दुसऱ्याच्या बहिणीला म्हणतो, तुझा भाऊ समुद्रापार गेला. बहीण त्याच्यावर विश्वास ठेवते. मग एके दिवशी अंगणातल्या फांदीवर एक पाखरू येऊन बसतं, आणि ती त्याला विचारते. पाखरू खरं काय ते सांगतं.

पण पाखरू काय सांगतं, ते आमच्याकडे कुणी म्हणत नाही.

पाखराचं कडवं आलं की गाणारा तोंड मिटतो. कडवं होईल एवढा वेळ टाचेने नुसता ताल धरतो. ऐकणारे खाली बघतात. कुणी बोलत नाही, पेला उचलत नाही, खोकत नाही. मग पुढचं कडवं सुरू. का? तर पाखराच्या तोंडी माणसाने शब्द घालायचे नाहीत. त्याला बोलायचं असेल तर त्याने बोलावं. आम्हा पोरांना लहानपणी त्या गप्प वेळात हसू फुटायचं आणि पाठीत धपाटा बसायचा.

राल्फने डोळे मिटून सुरुवात केली. आवाज थकलेला, पण सूर पक्का. बहिणीचं कडवं आलं.

"सांग रे पाखरा, फांदीवरच्या,
कोणत्या गावी गेला भाऊ?
दार उघडं, दिवा जळतो,
एकटी मी किती राहू?"

माझ्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. डॉर्कसची आठवण आली आणि रागही आला.

राल्फ थांबला.

टाचेचा ताल सुरू झाला. ठक... ठक... ठक...

आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या.

ठक... ठक...

आणि...

शीळ आली.

दोन आखूड. मग एक लांब, वर चढत जाणारी. आणि शेवटी फाटलेली. उचकी लागल्यासारखी.

मी मान वर केली.

स्वयंपाकघराचं दार दुभागलेलं होतं. वरची फळी उघडी, खालची बंद. त्या खालच्या फळीवर एक साळुंकी बसली होती. आमच्याकडच्या साळुंक्या काळ्या, ठिपक्यांच्या असतात. ही मात्र मातकट होती. म्हणजे त्याच वर्षीचं पिल्लू. डॉर्कस गेल्यानंतर जन्मलेलं.

साळुंक्या नकला करतात, ते मलाही ठाऊक आहे. पण तिच्या गळ्याची पिसं थरथरत होती आणि...

चोच मिटलेली होती.

पुन्हा तीच शीळ.

टेबलाखाली काहीतरी हललं. टिब उठली.

त्या शिळेचा अर्थ खोऱ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. "मागून वळसा घाल." टिब पोट जमिनीला टेकवून निघाली. माणसांच्या पायांमधून, बाकांच्या मागून. आवाज नाही. राल्फची टाच तेवढी वाजत होती, कारण कडवं अजून संपलं नव्हतं, आणि कडवं संपेपर्यंत थांबायचं नसतं.

मग शीळ बदलली. एकच, लांब, सपाट.

"धरून ठेव."

टिब कड्डीच्या समोर येऊन दबकली. डोळे त्याच्या डोळ्यांत रुतवले. कळपातून वेगळ्या काढलेल्या मेंढीला कुत्रं असंच धरतं. दात लावत नाही. नुसतं बघतं. मेंढी हलत नाही.

कड्डी हलला नाही.

माझ्या हातातून त्याचा हात कधी सुटला, कळलं नाही. तो मागे सरकत सरकत भिंतीला टेकला. टिब पुढे सरकली. तो डावीकडे झाला, टिब डावीकडे. तो उजवीकडे झाला, टिब उजवीकडे.

शीळ चालूच होती.

त्याचा चेहरा पिठासारखा झाला. तो टिबकडे बघत नव्हता. दाराकडे, त्या पिल्लाकडे बघत होता.

आणि तो बोलला. त्या गप्प वेळात, जेव्हा आमच्याकडे खोकतही नाहीत, तेव्हा तो रडवेल्या आवाजात बोलला.

"डॉर्कस, पुरे... पुरे गं आता."

राल्फची टाच थांबली.

सगळ्यांनी ऐकलं. मी ऐकलं. जी न्यूकॅसलला आहे, तिच्याशी कुणी असं बोलतं?

"कुठे आहे ती?" हा माझाच आवाज होता. "कड्डी, माझी बहीण कुठे आहे?"

"मी..." तो म्हणाला. "थॉमसिन, मी तिला... मी एकटा नव्ह..."

आणि तेवढ्यात पुन्हा शीळ आली.

ही दारातून आली नाही.

माझ्या पाठीमागून आली.

आखूड, खाली उतरणारी. "झालं. सोड त्याला."

मी वळून पाहिलं. आई उभी होती. एका हातात पाव कापायची सुरी. दुसऱ्या हाताची दोन बोटं अजून ओठांत.

माझी आई. जिने माझ्यासमोर जन्मात कधी शीळ घातली नव्हती. डॉर्कसला शीळ घालायला कुणी शिकवलं, हे मला त्या क्षणी कळलं.

टिबने मान वळवली. आईकडे पाहिलं. मग डोळे खाली केले आणि बाजूला झाली.

कड्डी धावत सुटला. दाराची खालची फळी त्याने तशीच ओलांडली. पिल्लू उडालं. उन्हात तो डोंगर चढताना आम्हाला बराच वेळ दिसत होता. एकही पुरुष त्याच्यामागे गेला नाही. सगळे आईकडे बघत होते.

तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

राल्फ तेवढा म्हणाला, "मिसेस हेडली, पोलिसाला बोलवायला हवं."

"काय सांगणार त्याला?" आई म्हणाली. "पाखरू शिट्टी वाजवत होतं म्हणून?"

तरी राल्फने पोलिसाला बोलावलं. त्याने विहिरीत डोकावलं, गवताच्या गंजी ढोसल्या, चहा प्यायला. जाताना मला म्हणाला, "लग्न मोडलं म्हणून असं मनाला लावून घेऊ नये, मिस."

सगळे गेल्यावर त्या संध्याकाळी आई भांडी घासत होती. मी तिच्या मागे उभी राहिले.

"का सोडलंस त्याला?"

"कुत्री दमली होती."

"आई, तो सांगत होता! तो आता सांगणारच होता!"

ती घासत राहिली.

"तुला ठाऊक होतं?"

"ठाऊक नव्हतं." एवढ्या शांतपणे म्हणाली. "मी कधी विचारलं नाही."

"विचारलं नाहीस? आणि मला त्याच्या गळ्यात बांधत होतीस?"

तेव्हा ती वळली. "मग काय करू? एक गेली. दुसरीला रस्त्यावर काढू? कारभारी दारात उभा होता, थॉमसिन. उद्या डोक्यावर छप्पर राहिलं नसतं, तर तूच मला विचारलं असतंस, आई, तू काय केलंस म्हणून."

डॉर्कसने दगा दिला म्हणून मी नऊ महिने तिला शिव्या घातल्या. कड्डीने दगा दिला, तो परका होता. पण आई? जिच्या कुशीत आम्ही दोघी वाढलो, ती? माणूस परक्याच्या दग्यातून उठतं. ह्याच्यातून मी काही उठले नाही.

आणि ते शेत! पुढच्याच वर्षी लढाई सुरू झाली. खोऱ्यातले पुरुष एकेक करून गेले. शेतं सगळीकडे बायकाच बघू लागल्या. आम्हा दोघींना कुणी हटकलं नाही. तो कारभारीसुद्धा येऊन आईची पाठ थोपटून गेला.

आम्ही एका घरात राहिलो. एका टेबलावर जेवलो. "मीठ दे", "पाऊस येतोय", "मेंढी अडली आहे". ह्यापलीकडे आमचं बोलणं नव्हतं. मी पुढे लग्न केलं नाही. कुणावर विश्वास टाकायचा म्हटलं की हात गार पडायचे. टिब दोन हिवाळ्यांनी गेली. आई बरीच जगली. शेवटच्या दुखण्यात मी तिचं सगळं केलं, अंग पुसलं, भरवलं. वाटायचं, आता तरी बोलेल. ती छताकडे बघत राहायची.

बोलली नाही. तशीच गेली.

तिला पुरून आलो, त्यानंतरच्या वसंतातली गोष्ट.

मी पायरीवर बटाटे सोलत बसले होते. दुपार होती. धुराड्यावर साळुंक्यांची जोडी नेहमीसारखी कलकल करत होती. कोंबडीचा आवाज, दाराची करकर, शेजारच्या पोराची शिंक. हे सगळं त्या काढतातच. मी लक्ष दिलं नाही.

मग त्या थांबल्या.

आणि वरून...

आई खाकरली.

बोलायच्या आधी ती जशी खाकरायची, अगदी तशी. माझ्या हातातला बटाटा घरंगळत गेला.

मग आईचा आवाज आला. म्हातारपणचा नाही. तेव्हाचा, भरदार.

"नीट लोट, कड्डी. पाऊस येईल."

मी वर पाहिलं.

मेंढी मेली की आम्ही ती पुरतो. कड्डी आमच्याकडे होता त्या वर्षीही मेंढ्या मेल्या होत्या. आई मालकीण होती, गड्याला माती नीट लोटायला सांगणारच. त्यात काय? मी स्वतःला अजून हेच सांगते.

पण साळुंकी तिथे थांबली नाही.

तिने पुढे रडणं काढलं. दाबलेलं, एप्रन तोंडात कोंबून रडावं तसं, तुटत तुटत येणारं. माझ्या वडिलांच्या शवपेटीवर माती पडली तेव्हा आई रडली नव्हती. ते रडणं मी त्याआधी कधी ऐकलेलं नव्हतं, पण आवाज तिचाच होता.

मेंढीसाठी माझी आई रडली नसती.

तेव्हापासून दर वसंतात ऐकते. जुनी पाखरं मरतात, पिल्लं मोठी होतात, पण तेवढंच वाक्य आणि तेवढंच रडणं. कधी रोज, कधी आठवडाभर काहीच नाही. जागा सांगत नाहीत. मी पायरीवर बसून त्यांना विचारत असते. बघणाऱ्यांना वाटतं, म्हातारीला चळ लागला.

शेत आता राल्फचा नातू बघतो. चांगला आहे, मला मावशी म्हणतो. परवा चहाला आला होता. म्हणाला, "मावशी, घरामागच्या कुरणात फार पाणी साचतं. पाइप टाकू या. चांगलं खोल खणावं लागेल. माणसं तयार आहेत, तू फक्त हो म्हण."

मी त्याला पाईचा आणखी एक तुकडा वाढला.

अजून मी हो म्हटलेलं नाही.